पाळीची कळ आणि बारीक सुई

ऑक्टोबरात नाशिक जिल्ह्यात द्राक्षांची गोडी छाटणी होते आणि तिथून पुढे काढणीपर्यंत बागेला उसंत नसते. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या बागांत विरळणी आणि डिपिंगची बरीचशी कामं बायकांच्या हातची. त्यांतल्या कितीतरी जणी पेठ-सुरगाण्याकडून टोळीनं आलेल्या असतात. मांडवाखाली मान वर, हात वर, अशा अवस्थेत दिवस काढायचा. पाळीचा पहिला दिवस त्याच दिवशी आला तर ओटीपोटात कळ, कंबर मोडलेली, मांड्यांतून ओढ, आणि आडोसा शोधायला जागा नाही. घरी थांबलं तर रोज बुडतो. मग दुकानातून आणलेली गोळी घ्यायची आणि पुन्हा मांडवाखाली उभं राहायचं. सातपूर-अंबडच्या कारखान्यात लाइनवर उभी असलेली मुलगी असो की रात्रपाळीची नर्स, यापेक्षा वेगळं फारसं काही करत नाही.

अ‍ॅक्युपंक्चरबद्दल बोलताना मला आधी या बायका आठवतात, कारण त्यांच्या उपयोगाचं काही नसेल तर या विषयावर प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. स्त्रियांच्या काही दुखण्यांत ही सुई खरोखर आराम देते. काही आजारांत तिचा उपयोग होत नाही, हे मोठ्या अभ्यासांनी दाखवून दिलं आहे. आणि आपलं दुखणं यांतलं कुठलं, हे निदान झाल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी निदान, मग सुई. हा क्रम उलटला की नुकसान होतं, आणि ते बाईचं होतं.

पाळीत दुखतं कशामुळे, हे आधी पाहू. गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटू लागलं की त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बाहेर पडतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि स्नायूला रक्त कमी पडतं. रक्त कमी पडलेला कोणताही स्नायू दुखतोच. ज्यांच्या शरीरात ही द्रव्यं जास्त तयार होतात त्यांना कळा जास्त येतात. सोबत उलटी, जुलाब, डोकेदुखीही येते, कारण हीच द्रव्यं रक्तातून आतड्यांपर्यंत पोचतात. म्हणजे 'नाजूक आहे', 'सोसत नाही', 'लग्न झाल्यावर थांबेल' ही जी वाक्यं आपल्या मुली ऐकतात त्यांना काही आधार नाही. दुखण्यामागे मोजता येणारं कारण आहे.

वयात आल्यावर वर्षा-दोन वर्षांत सुरू होणारं, पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतं राहणारं आणि तपासणीत दुसरं काही न सापडणारं दुखणं हे पहिल्या प्रकारचं. दुसऱ्या प्रकारात दुखण्यामागे वेगळा आजार असतो: गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी बाहेर, अंडाशयावर किंवा आतड्यांवर वाढलेली असते, म्हणजे एंडोमेट्रिओसिस, किंवा गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी असतात, किंवा ओटीपोटात जंतुसंसर्ग असतो. पाळी संपल्यावरही दुखत राहणं, वर्षागणिक दुखणं वाढत जाणं, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला बसताना दुखणं, ही या दुसऱ्या प्रकाराची चिन्हं. एंडोमेट्रिओसिसच्या बायकांचं निदान जगभर वर्षानुवर्षं रखडतं, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे 'पाळीत दुखायचंच' हा घराघरातला समज.

पहिल्या प्रकारच्या दुखण्यावर काय काय चालतं? प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच थोपवणारी औषधं, म्हणजे आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड. कळा अंगावर येण्याची वाट न पाहता सुरुवातीलाच आणि खाऊन घेतली तर ती चांगली लागू पडतात. 'मेफ्टाल-स्पास' हे नाव आपल्याकडे घराघरात आहे, त्यात हेच मेफेनॅमिक अ‍ॅसिड असतं. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगानं त्याबद्दल सावधगिरीची सूचना काढली: क्वचित कुणाला या औषधानं अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना सूज अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. घाबरून गोळी टाकून द्यावी असा त्याचा अर्थ नाही. पण गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ उठलं तर थांबून डॉक्टर गाठायचा, आणि पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर विचारल्याशिवाय घ्यायची नाही. दुसरा उपाय शेकाचा. आजी देत होत्या त्या गरम पाण्याच्या पिशवीला २००१ च्या एका अमेरिकी अभ्यासानं दुजोरा दिला आहे: ओटीपोटावर दिवसभर साधारण ३९ अंशांची उष्णता देणारी पट्टी ही आयब्युप्रोफेनच्या तोडीची ठरली. बागेत पिशवी गरम कुठे करायची, हा प्रश्न उरतोच. म्हणून मजूर बायकांपुरता हा उपाय रात्रीचा.

गोळी मानवत नाही, पित्त उसळतं, किंवा गोळ्या घेऊनही पुरेसं थांबत नाही, अशा बायका बऱ्याच आहेत. सुईचा विचार त्यांच्यासाठी.

अ‍ॅक्युपंक्चरची सुई पोकळ नसते, तिच्यातून औषध जात नाही. बहुतेक सुया पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या असतात, इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक. ती टोचताना फारसं कळत नाही; पण योग्य खोलीवर फिरवली की त्या जागी जडपणा, मुंग्या, ओढल्यासारखं वाटतं. वीस-तीस मिनिटं सुया तशाच ठेवतात. कधी त्यांना बारीक तारा लावून सौम्य वीजप्रवाह देतात, त्याला इलेक्ट्रो-अ‍ॅक्युपंक्चर म्हणतात. पाळीच्या दुखण्यासाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा बिंदू पायावर आहे: आतल्या घोट्याच्या वर चार बोटं, नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला. चिनी लोक त्याला सान्-यिन्-जियाव म्हणतात. त्याच्या जोडीला नाभीखालचा, गुडघ्याखालचा, अंगठा-तर्जनीच्या बेचक्यातला आणि माकडहाडाच्या वर त्रिकास्थीवरचे बिंदू घेतात.

दुखतं पोटात आणि सुई पायात, हे पाहून हसू येणं साहजिक आहे. चिनी ग्रंथ याचं उत्तर 'ची' नावाच्या प्राणशक्तीनं आणि तिच्या चौदा मुख्य मार्गांनी देतात. ते मार्ग शरीर चिरून कुणाला सापडलेले नाहीत, आणि मला वाटतं ते सापडण्याची गरजही नाही. शरीरशास्त्र वेगळी वाट दाखवतं. गर्भाशयाच्या आणि ओटीपोटाच्या संवेदना मज्जारज्जूच्या ज्या भागांत पोचतात, त्यांतल्या काही भागांतच पायाच्या आतल्या बाजूच्या आणि त्रिकास्थीच्या संवेदनाही येतात. एका ठिकाणाहून आलेला संदेश तिथे दुसऱ्या संदेशाला अडवू शकतो. शिवाय सुईमुळे मेंदूत एंडॉर्फिन, म्हणजे शरीराची स्वतःची वेदनाशामकं, बाहेर पडतात. १९७० च्या दशकात टोरांटोत ब्रूस पोमेरान्झ यांनी उंदरांवर, आणि अमेरिकेत डेव्हिड मेयर यांनी माणसांच्या दातांवर प्रयोग केले. अफूची क्रिया थोपवणारं नॅलॉक्सोन नावाचं औषध दिलं की सुईनं मिळालेला आराम कमी होत होता. म्हणजे आरामाच्या मागे काहीतरी खरं रसायन काम करत होतं.

ही विद्या भारतात आली त्या वाटेत महाराष्ट्र आहे. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. मदन अटल, देवेश मुखर्जी, बिजॉयकुमार बसू, नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस तिथेच राहिले, बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, चिनी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, आजारानं गेले. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटानं ते घराघरात पोचले. कोटणिसांचं नाव अ‍ॅक्युपंक्चरशी इतकं जोडलं गेलं आहे की ते सुयांचे डॉक्टर होते असं अनेकांना वाटतं; लुधियानाचं प्रसिद्ध अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालयही त्यांच्याच नावानं आहे. कोटणीस शल्यचिकित्सक होते. सुई शिकून आले ते त्यांचे सहकारी डॉ. बसू. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ते हे तंत्र शिकले, १९५९ पासून कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं आणि पुढच्या पिढीला शिकवलं. भारतातल्या अ‍ॅक्युपंक्चरची सुरुवात साधारणपणे तिथून मोजतात. पश्चिम बंगालनं १९९६ मध्ये त्यासाठी कायदा केला. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २०१५ चा, आणि त्याखाली राज्याची अ‍ॅक्युपंक्चर परिषद नेमली गेली. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये या पद्धतीला स्वतंत्र उपचार पद्धती म्हणून मान्यता दिली.

मान्यता मिळाली म्हणजे प्रत्येक दावा सिद्ध झाला असं नाही. इथे एकेका तक्रारीला वेगळं तपासावं लागतं, आणि तपासणी कशी होते हेही वाचकानं समजून घ्यायला हवं. गोळीची परीक्षा सोपी असते: अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पिठाची गोळी. सुईच्या बाबतीत खोटी सुई कशी करायची? १९९८ मध्ये जर्मनीच्या कोनराड श्ट्राइटबर्गर यांनी एक बोथट सुई तयार केली. ती कातडीला टेकली की आपल्या मुठीत सरकते, पण रुग्णाला टोचल्यासारखंच वाटतं. यामुळे चांगली तुलना शक्य झाली. पण बोथट टोकाचा स्पर्शही मज्जातंतूंना काही सांगतोच, त्यामुळे 'खोटी' सुई पूर्णपणे निष्क्रिय असते असं म्हणता येत नाही. वाद बराचसा इथेच घुटमळतो.

पाळीच्या दुखण्यावरचा मला सगळ्यात उपयोगी वाटणारा अभ्यास जर्मनीत क्लॉडिया विट यांच्या गटानं केला, २००८ मध्ये तो छापून आला. २०१ बायकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाला तीन महिन्यांत जास्तीत जास्त पंधरा बैठका, दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. शून्य ते दहा या मापावर तीन महिन्यांनी सुईच्या गटात वेदना सरासरी ३.१ होती, दुसऱ्या गटात ५.४. हा फरक बाईला जाणवण्याइतका आहे. पाच म्हणजे कामावर जाताना दात खाऊन जाणं, तीन म्हणजे दुखतंय पण चालतंय. पण दुसऱ्या गटाला खोटी सुई दिलेली नव्हती. त्यामुळे यातला किती भाग सुईचा आणि किती भाग डॉक्टरांनी दिलेल्या वेळेचा, लक्षाचा, आशेचा, हे यातून सांगता येत नाही. २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं जगभरचे ४२ अभ्यास, ४,६४० बायका, एकत्र तपासले आणि निष्कर्ष काढला की बरेच अभ्यास कच्चे आहेत, ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. माझं मत असं: निदान झालेलं आहे, दुसरा आजार नाही, गोळी चालत नाही किंवा पुरत नाही, आणि तीन महिने बैठका घेणं परवडतं, अशा बाईनं हा उपाय जरूर करून पाहावा. तीन पाळ्यांत फरक पडला नाही तर थांबावं.

परवडण्याचा प्रश्न मोठा आहे. सुरगाण्याहून नाशिकला आठवड्यातून दोनदा येणं म्हणजे भाडं अधिक दोन बुडालेले रोज. त्यामुळे शेतमजूर बाईला मी आधी दोन स्वस्त गोष्टी सुचवेन. घोट्यावरचा तोच बिंदू अंगठ्यानं पाच-सात मिनिटं दाबून ठेवणं, याला अ‍ॅक्युप्रेशर म्हणतात. त्यावरचे अभ्यास छोटे आहेत, पण त्याला पैसा लागत नाही आणि गर्भार नसलेल्या बाईला त्यापासून धोका नाही. दुसरी गोष्ट टेन्स नावाचं छोटं विजेचं यंत्र. फिजिओथेरपी विभागांत ते असतं, ओटीपोटावर पट्ट्या चिकटवून जास्त कंपनसंख्येवर चालवलं की पाळीचं दुखणं कमी होतं, आणि त्यामागे अभ्यासही आहेत.

एंडोमेट्रिओसिसमध्ये २०२३ चा चीनमधला एक नेमका अभ्यास आहे. १०६ बायका, बारा आठवडे, खऱ्या आणि खोट्या सुईची तुलना. खऱ्या सुईनं पाळीतलं दुखणं जास्त कमी झालं. उपचार थांबल्यावर मात्र फायदा टिकला नाही, आणि आजार जागच्या जागी राहिला. म्हणून या आजारात सुई ही स्त्रीरोगतज्ज्ञाच्या उपचारांच्या जोडीला, वेदनेपुरती.

आता जिथे उत्तर 'नाही' असं आहे तिथे येऊ. पीसीओएस, ज्याला बोलण्यात सगळे पीसीओडी म्हणतात. पाळी दोन-दोन, चार-चार महिने येत नाही, चेहऱ्यावर केस, वजन वाढतं, मूल राहायला वेळ लागतो. कॉलेजच्या मुलींत हे निदान आता इतकं ऐकू येतं की त्यावर इलाज विकणाऱ्यांची गर्दी झाली आहे. सुईनं अंडाशय 'जागं' होतं असा दावा बऱ्याच ठिकाणी ऐकू येतो. हा दावा चीननंच तपासला. हार्बिनच्या वू शियाओके यांच्या नेतृत्वाखाली १,००० बायकांवर अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. क्लोमिफेन नावाची अंडं तयार करणारी गोळी ज्यांना मिळाली त्यांच्यातल्या २८.७ टक्के बायकांना मूल झालं. गोळी नसलेल्यांत १५.४ टक्के. खरी सुई आणि नाममात्र सुई यांत फरकच नव्हता: २१.८ आणि २२.४ टक्के. अ‍ॅक्युपंक्चरच्या माहेरी, अनुभवी हातांनी, इतक्या मोठ्या संख्येवर केलेली परीक्षा आहे ही. मूल हवं असलेल्या पीसीओएसच्या बाईनं सुयांवर महिने घालवू नयेत. आणि मूल नको असलं तरी तीन-तीन महिने पाळी न येणं अंगावर काढू नये, कारण अस्तर साचत राहिलं तर पुढे त्यात कर्करोगाचा धोका वाढतो. वजन, साखर, रक्तदाब यांची तपासणी या आजाराचा भाग आहे आणि सुई त्यांच्याकडे पाहत नाही.

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांबरोबर सुया घेतल्या तर यश वाढतं, असंही सांगितलं जातं. याचं मूळ २००२ च्या जर्मन अभ्यासात आहे: १६० बायका, सुई घेतलेल्यांत गर्भ राहण्याचं प्रमाण ४२.५ टक्के, न घेतलेल्यांत २६.३. आकडे आकर्षक होते आणि जगभर पसरले. २०१८ मध्ये कॅरोलिन स्मिथ यांच्या गटानं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ८४८ बायकांवर खोट्या सुईशी तुलना केली. मूल झालेल्यांचं प्रमाण १८.३ आणि १७.८ टक्के, म्हणजे सारखंच. आधीच कर्ज काढून हा उपचार घेणाऱ्या जोडप्याला कुणी सुयांचं वेगळं पॅकेज देऊ केलं तर ते नाकारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. मन शांत राहावं म्हणून कुणी स्वखुशीनं घेत असेल तर गोष्ट वेगळी.

ज्या तक्रारीबद्दल बायका सगळ्यात कमी बोलतात तिथे मात्र सुईचा पुरावा चांगला आहे. खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवीचे थेंब गळणं. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या, जड वजन उचलणाऱ्या बायकांत हे सर्रास असतं. देवदर्शनाला जायचं टाळतात, लग्नात बसायचं टाळतात, नातीला उचलून घेणं सोडून देतात आणि कारण सांगत नाहीत. चीनमध्ये लिऊ झिशून यांच्या गटानं ५०४ बायकांवर इलेक्ट्रो-अ‍ॅक्युपंक्चरचा अभ्यास केला, तोही २०१७ चाच. सहा आठवड्यांत अठरा बैठका, सुया त्रिकास्थीजवळच्या दोन बिंदूंवर. पॅड वजन करून गळती मोजली: खऱ्या सुईनं ती ९.९ ग्रॅमनं कमी झाली, खोट्या सुईनं २.६ ग्रॅमनं. हा मोठा फरक आहे. तरीही सुरुवात ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामापासूनच करावी, ज्याला कीगल म्हणतात. लघवी मध्येच थोपवताना जे स्नायू आवळतो तेच स्नायू, लघवी करत नसताना, दिवसातून तीन वेळा दहा-दहादा आवळून सोडायचे, आणि हे निदान तीन महिने. नीट शिकवणारी फिजिओथेरपिस्ट भेटली तर उत्तमच. त्यानं भागलं नाही तर सुई हा पुढचा विचार होऊ शकतो. अंग बाहेर येत असेल तर मात्र तपासणी आधी.

पाळी जाण्याच्या वयातल्या गरम वाफा, घाम, मोडलेली झोप, यांचं चित्र मधलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या ३२७ बायकांच्या अभ्यासात, २०१६ मध्ये, खऱ्या आणि बोथट सुईनं दोन्ही गटांत वाफांचा त्रास सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. एकमेकांत फरक नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेत २०९ बायकांच्या अभ्यासात सुया घेणाऱ्यांचा त्रास सहा महिन्यांत ३६.७ टक्क्यांनी उतरला, नुसती वाट पाहणाऱ्यांचा किंचित वाढला. दोन्ही एकत्र वाचले तर असं दिसतं की आराम खरा आहे, पण तो सुई नेमकी कुठे टोचली यापेक्षा कुणीतरी नियमानं काळजी घेतंय याचा अधिक आहे. त्या वयातल्या आपल्या बायकांकडे घरात कोण लक्ष देतं, हा विचार हे आकडे वाचताना मनात आल्याशिवाय राहत नाही.

गरोदरपणात कंबर आणि ओटीपोटाचे सांधे दुखतात त्यावर स्वीडनमध्ये ३८६ गर्भार बायकांच्या २००५ च्या अभ्यासात सुईनं चांगला आराम दिला. पण गर्भारपणात सुई फक्त प्रसूतितज्ज्ञाला सांगून आणि त्या कामात मुरलेल्या हातांकडूनच.

फायब्रॉइडच्या गाठी सुईनं विरघळतात याला पुरावा नाही. अंगावरून पांढरं जाणं, त्याला वास असणं, खाज असणं हा बहुधा जंतुसंसर्ग. त्याला नेमकं औषध लागतं, आणि पुष्कळदा नवऱ्यालाही. आणि रक्तस्राव. तासाला एक पॅड भिजणं, मोठ्या गुठळ्या पडणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर वर्षभरानं पुन्हा डाग दिसणं. पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोरात दुखणं आणि चक्कर येणं, कारण तो नळीतला गर्भ असू शकतो. यांतल्या कशातही सुई, मसाज, काढा, काहीच नको. सरळ दवाखाना. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानं दाखवलं आहे. पाळीतला जास्तीचा रक्तस्राव अंगावर काढत राहणं त्यांना परवडणारं नाही.

याच्या उलट टोकाचीही गोष्ट सांगायला हवी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या, त्याची चौकशी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं केली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी दहा वर्षांत काढलेली निघाली. अनेकींची तक्रार पोटदुखीची, पांढरं जाण्याची, पाळीच्या त्रासाची होती. ज्या त्रासावर औषध, विश्रांती आणि आडोसा लागत होता त्यावर शस्त्रक्रिया केली गेली. पाळीच्या दुखण्यावर साधे, परत फिरता येण्यासारखे उपाय का हवेत, याचं यापेक्षा ठळक कारण मला माहीत नाही. गोळी, शेक, टेन्स, सुई, तांबी बसवण्यासारखंच बसवलं जाणारं हार्मोनचं साधन, हे सगळं पिशवी काढण्याच्या आधी येतं.

सुई धोक्याची आहे का? शिकलेल्या हातात फार कमी. ब्रिटनमध्ये २००१ मध्ये ३४ हजार बैठकांची नोंद तपासली तेव्हा एकही गंभीर अपाय आढळला नाही. जरा रक्त येणं, काळं-निळं होणं, क्षणभर चक्कर, एवढंच. न शिकलेल्या हातात मात्र छातीवरची सुई फुप्फुसाला लागू शकते, आणि एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ ब, एचआयव्ही पसरू शकतात. सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडलं जातंय हे पाहा, वापरलेल्या सुया न भोसकता येणाऱ्या डब्यात टाकल्या जातात का हे पाहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, रक्त न गोठण्याचा आजार असेल, हृदयात पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील तर टोचण्याआधी सांगा. जो विचारतच नाही त्याच्याकडे टोचून घेऊ नका.

नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ पासून. राज्यातल्या अ‍ॅलोपॅथी, दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या अशा सगळ्या शाखांच्या पदव्या इथून मिळतात. अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्याची नोंदणी मात्र राज्याच्या अ‍ॅक्युपंक्चर परिषदेकडे असते. म्हणून भिंतीवरच्या प्रमाणपत्रात त्या परिषदेचा नोंदणी क्रमांक शोधा, आणि नसेल तर विचारा. किती बैठका, किती पैसे, कधी थांबायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. चालू असलेल्या गोळ्या बंद करा असं सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

आणि तिथे जाण्याआधी एक काम करा. पुढच्या दोन पाळ्या वहीत लिहा: कोणत्या तारखेला आली, किती दिवस राहिली, दिवसाला किती पॅड किंवा कपडे लागले, दुखणं दहापैकी किती, कोणती गोळी घेतली. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा, आशाताईंना सांगा. ती वही घेऊन त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिलच्या स्त्रीरोग विभागात किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा, रक्ताचं प्रमाण तपासून घ्या, गरज असेल तर सोनोग्राफी करून घ्या आणि आपल्या दुखण्याचं नाव डॉक्टरांकडून कागदावर लिहून मागा. तो कागद हातात असल्याशिवाय कुणालाही सुई टोचू देऊ नका.